पहिल्या घोटाची रांग

एका राज्यात, ज्याचं नाव मी सांगणार नाही कारण ते घेतलं की अजूनही जिभेवर कडवट चव येते, तर अशा एका राज्यात राजवाड्याच्या खाली सात दालनांचं तळघर होतं. तळघरात तीनशे साठ रांजण होते आणि रांजणांत द्राक्षासव होतं. तांबडं, पांढरं, गुलाबी, आणि काही इतकं जुनं की आपला रंग कोणता हेच ते विसरलं होतं. सहा दालनांत रांजण, आणि सातव्या दालनात माणसांची रांग.

हो, माणसांचीच. छत्तीस माणसं. प्रत्येकाच्या उजव्या हातात चषक आणि प्रत्येकाचं तोंड वाकडं. डोळे बारीक झालेले, नाक आक्रसलेलं, ओठ पिळलेले. जन्मात पहिल्यांदा आसवाचा घोट घ्यावा, तो भलताच कडू लागावा आणि त्या क्षणी जसा चेहरा व्हावा, तसा तो चेहरा. तो क्षण तिथंच थांबला होता. घोट घशाखाली उतरला नव्हता. ओठावरचा थेंब वाळला नव्हता. ती माणसं मेली नव्हती आणि पुतळेही झाली नव्हती. दिवसातून एकदा ती सगळी मिळून श्वास घेत आणि तेव्हा वर मुदपाकखान्यातल्या चुली भरदिवसा एकदम विझत. डोळे मात्र त्यांचे हलत. दालनात कुणी शिरलं की छत्तीस माणसांचे डोळे त्याच्याकडे वळत आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याच्यावरून ढळत नसत.

रांगेतला शेवटचा, छत्तिसावा, हैबती. राजाच्या द्राक्षमळ्यातला माळी. त्याची बायको गोजरा, तिचीच ही गोष्ट.

बारा वर्षांपूर्वी हैबती त्या रांगेत उभा राहिला तेव्हा गोजराचं वय चोवीस होतं. रांगेतल्या माणसाच्या घरच्यांना त्याचा चेहरा पुसायचा हक्क असे, तो तिने मागून घेतला. रोज सकाळी मऊ फडकं घेऊन ती तळघरात उतरे. बाकीच्यांचं करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून छत्तिसांचेही चेहरे पुसे. मग रांजणांवरची धूळ झटके. रांजणांची तोंडं मेणाने बंद असत, पण मातीच्या अंगातून वास पाझरतोच. बारा वर्षांत तिला तीनशे साठ रांजणांचे तीनशे साठ वास पाठ झाले होते. चव एकाचीही माहीत नव्हती. त्या राज्यात आसव करत सगळे, पण पीत कुणीच नसे. पिणार तरी कोण? रांग डोळ्यांसमोर होती ना! आसव जाई परमुलखात. एका वर्षी कंटाळून द्राक्षांची काढणीच केली नाही, तर वेलींतून कोमट रक्त ठिबकलं. तेव्हापासून काढणी कधी चुकली नाही.

सगळ्यात शेवटी ती हैबतीचा चेहरा पुसे. त्याची डावी मूठ मिटलेली होती, तीही पुसे. ती मूठ कधी उघडली नाही. मग घरी येऊन भाकरी खाई. भाकरीला चव नव्हती. आमटीला, ताकाला, कशालाच नव्हती. पोट भरायचं म्हणून ती खात होती, इतकंच. बिचारी!

आता शाप काय होता तो ऐका. दर बारा वर्षांनी एका सकाळी गावातल्या तीन उंबऱ्यांवर ओली तांबडी पावलं उमटत. उंबऱ्यापासून निघून ती राजवाड्याच्या दिशेने जात आणि तळघराच्या दाराशी संपत. पावलं घरातल्याच कुणाची तरी असत, त्याच मापाची, त्याच्याच टाचेच्या भेगांसकट. पण चालून गेलेलं कुणी नसे. ज्याची ती पावलं, त्याने तिसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर येण्याआधी तळघरात उतरून पहिला घोट घ्यायचा. घोट बरोबर निवडला असेल तर शाप सुटेल, चुकला तर रांगेत तिघांची भर. एका राजाने तळघराला कुलूप लावून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी गावातल्या विहिरी कडू झाल्या आणि पाळण्यातल्या तान्ह्यांची तोंडं वाकडी होऊ लागली. कुलूप मुकाट्याने काढावं लागलं.

तर हैबतीनंतरची बारा वर्षं भरली आणि सकाळी गोजरा दारात सडा घालायला आली. उंबऱ्यावर पावलं होती. तिने आपला पाय त्यावर ठेवून पाहिला. बोटाला बोट जुळलं. डाव्या अंगठ्याजवळचा, खुरप्याने कापल्याचा व्रणसुद्धा पावलात होता.

तिने सडा घातला. पावलं पुसली गेली नाहीत.

दुसरी पावलं उमटली होती म्हाळू शिकलगाराच्या दारात. सत्तरी उलटलेला म्हातारा, तलवारींना धार लावायचा आणि दिवसभर गालात सुपारी धरून बसायचा. आणि तिसरी, देवा रे, तिसरी उमटली होती थेट राजवाड्यातल्या महालातून. युवराज चित्रांगदाची. वय बावीस, राजाचा एकुलता एक.

राजा कीर्तिमल दरबारात आला तेव्हा त्याच्या मुकुटाखालचं कपाळ घामेजलं होतं. त्याने राज्याच्या चषकाचार्यांना बोलावलं. हे चषकाचार्य म्हणजे मोठं प्रस्थ. आसव न गिळता, नुसतं हुंगून, ते त्याचं कूळ, मळा आणि वर्ष सांगत. मागच्या आठही वेळी घोट निवडला होता याच घराण्याने.

"आचार्य, या खेपेला कोणता रांजण?" राजाने विचारलं.

"महाराज, पहिल्या दालनातला पहिला. दोनशे वर्षांचा आहे. त्यात जुन्या चामड्याचा, विझलेल्या होमाचा आणि ओल्या दगडाचा गंध आहे. त्याहून श्रेष्ठ आसव भूतलावर नाही."

गोजरा खांबाआडून पुढे झाली. "महाराज, एक विचारू? ते प्यायला बरं लागतं का?"

आचार्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरं लागणं ही अडाण्यांची कसोटी आहे."

"पिणारे अडाणीच आहेत, आचार्य. तिघांपैकी एकानेही थेंब चाखलेला नाही. मागच्या खेपेला तुम्ही पहिल्या दालनातला दुसरा रांजण दिला होता. माझा नवरा तिथं उभा आहे. त्याचा चेहरा मी रोज पुसते. तुम्ही एकदा तरी येऊन बघितलात का?"

गोजरा राजाकडे वळली. "आठ वेळा यांनी निवडलं, महाराज. या वेळी मला निवडू द्या. चुकले तर शिक्षा करायला मला शोधावं लागणार नाही. मी रांगेतच असेन."

राजाने मुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, निवड तुझी."

आचार्य पगडी सावरत निघून गेले. गेले तर गेले!

तळघराच्या दारावर एक साळुंकी राहत असे. डोक्यावरची पिसं गळालेली, एक डोळा गेलेला. ती किती जुनी होती कुणास ठाऊक. गेलेल्या प्रत्येक राजाने आणि प्रत्येक आचार्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, कोणता रांजण? आणि साळुंकी म्हणे, "मला ठाऊक नाही." गोजराने ओंजळीत तीन द्राक्षं घेतली आणि तिच्यासमोर धरली.

"साळुंकीबाई, पहिल्या दिवशी इथं काय झालं होतं?"

साळुंकीने मान वाकडी केली. "हे कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि एक द्राक्ष खाल्लं. "एकशेआठ वर्षं झाली. या घराण्यातल्या राजाचं लग्न होतं. नवरी दूरच्या अरण्यातली. मी तिच्या खांद्यावर बसून आले. तिच्या माहेरच्यांनी आसव कधी पाहिलं नव्हतं. राजा म्हणाला, सोयऱ्यांना साधं दिलं तर माझी शोभा काय राहील? दोनशे रांजणांत जे सगळ्यात जुनं, पहिल्या दालनातलं पहिलं, ते ओतलं. बारा पाहुणे प्याले. बाराही जणांनी तोंड वाकडं केलं. भरल्या मांडवात राजा हसला. म्हणाला, रानटी लोक. यांना चव कुठली? पुन्हा पाजा यांना."

"मग?"

साळुंकीने दुसरं द्राक्ष खाल्लं. "नवरीची आजी मंत्र जाणणारी होती. ती उठली आणि म्हणाली, 'ज्या तोंडाला हसलास ते तोंड तुझ्या घराखाली राहील.' ते बारा तसेच थिजले आणि मांडवातून थेट तळघरात उभे दिसले. रांगेतले पहिले बारा तेच आहेत. आजी अरण्यात निघून गेली. नवरी तिसऱ्या दिवशी मेली."

"आणि सुटका?"

शेवटचं द्राक्ष साळुंकीने चोचीत धरून ठेवलं. खाऊन टाकलं की बोलणं संपणार, हे तिलाही कळत होतं. "आजी जाता जाता दारात म्हणाली, 'जेव्हा तीन नवखी माणसं पहिला घोट घेतील आणि कुणी न सांगता आपणहून म्हणतील, आणखी घोटभर, तेव्हा रांग सुटेल. पण मनातून म्हणायला हवं. भीतीने म्हटलेलं चालणार नाही.'" मग तिने द्राक्ष गिळलं, डोळा मिटला आणि पुन्हा बोलली नाही.

गोजरा पायरीवर बसून राहिली. म्हणजे सगळ्यात श्रेष्ठ आसव कोणतं, हा प्रश्नच नव्हता. रांजणांची कुळं पुसणाऱ्या त्या शहाण्यांनी पिणाऱ्याला कधी विचारलंच नव्हतं, बाबा, तुला आवडतं काय?

दुसऱ्या दिवशी ती म्हाळू शिकलगाराकडे गेली. म्हातारा धार लावत होता.

"बाबा, सकाळी उठल्यावर काय घेता?"

"काढा. काळाकुट्ट. सुनेने गूळ घातला तर ओतून देतो."

"आणि दिवसभर?"

"सुपारी. कच्ची. जीभ जरा आकसली नाही तर मला जेवल्यासारखं वाटत नाही बघ." त्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "का गं पोरी? मरणाऱ्याला शेवटची इच्छा विचारतेस काय?"

"नाही बाबा. पहिली विचारते आहे."

तिथून ती राजवाड्यात गेली. युवराज चित्रांगद ढाल पुसत बसला होता. त्याच्या पायांखाली ओले ठसे उमटू लागले होते. कुठंही पाऊल टाकलं की तांबडं.

"युवराज, आपल्याला काय खायला आवडतं?"

"मी योद्धा आहे. मला तिखट, कडू, उग्र, सगळं चालतं. मला सर्वांत कडक असेल तेच दे."

"चालतं काय ते नाही विचारलं, आवडतं काय ते विचारलं."

युवराज पुन्हा ढाल पुसू लागला. गोजरा हटली नाही. अखेर त्याने दाराकडे पाहिलं, उशीखाली हात घातला आणि खडीसाखरेची पुडी काढली. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "ठेचा खातो मी चारचौघांत. डोळ्यांतून पाणी येतं. मग इथं येऊन हा खडा तोंडात धरतो. तेवढंच जिवाला बरं वाटतं." त्याने पुडी पुन्हा उशीखाली सारली. "बाई, मला त्या रांगेत उभं राहायचं नाही. फार भीती वाटते."

"मलाही वाटते," गोजरा म्हणाली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. राजपुत्र असला म्हणून काय झालं, लेकरूच ते.

मग ती तळघरात उतरली आणि वासावरून शोधू लागली. रांजण कुजबुजू लागले. रोजच कुजबुजत, पण आज आवाज चढला होता. मी दीडशे वर्षांचा. मी तीन राजांच्या राज्याभिषेकाचा. मला घे. मला. पहिल्या दालनातला पहिला रांजण तेवढा काही बोलला नाही. तो नुसता ऐकत होता. तिने तिकडे पाठ केली. चौथ्या दालनातलं हलकं तांबडं तिने म्हाळूबाबांसाठी काढलं, जीभ थोडी आकसवणारं, पण चार वर्षांचंच, अंगाने हडकुळं. युवराजासाठी सहाव्यातलं गुलाबी, या हंगामातलं, गोडसर, ज्याच्या पोटात अजून बारीक बुडबुडे उठत होते. दोन्ही सुरया तिने ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवल्या. गुलाबी सुरई रात्रभर विहिरीच्या गार पाण्यात सोडायला सांगितली, तांबडी तेवढी सावलीत. आणि बजावलं, तिघांपैकी कुणी उपाशीपोटी यायचं नाही, आणि चषक आणायचे ते लहान.

स्वतःसाठी? स्वतःसाठी काढू उद्या, असं म्हणून तिने ते मागे टाकलं. बायकांची ही खोडच असते, सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर आपलं आठवतं.

तिसरा दिवस. सूर्य माथ्याकडे सरकू लागला तसे तिघांचे पाय आपोआप चालू लागले. थांबायचं म्हटलं तरी थांबेनात. उमटलेल्या पावलांवर पाऊल पडत होतं, एकही इकडे तिकडे नाही. राजा मागून येत होता, त्याचे पाय मात्र दारातच अडले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पहिल्या पायरीवर उतरताच श्वासाची वाफ दिसू लागली.

सातव्या दालनात रांगेच्या शेवटी तीन जोड्या ओली पावलं तयार होती. पहिली जोडी हैबतीला अगदी लागून होती, आणि ती गोजराची होती.

छत्तीस जणांचे डोळे त्यांच्याकडे वळले.

"बाबा, आधी आपण," गोजरा म्हणाली. तिने म्हाळूसमोर भाजलेल्या मटणाचा तुकडा ठेवला. "हा चावा. मग आधी नुसतं हुंगा. मग थोडं तोंडात घ्या आणि लगेच गिळू नका. घाई नाही."

म्हाताऱ्याने मटण चावलं, चषक हुंगला, घोट घेतला. गाल आत गेले. सगळं तळघर कान देऊन उभं होतं. म्हातारा बराच वेळ जीभ टाळूवर घोळवत राहिला, मग भुवया वर करून म्हणाला, "अगं, हे तर सुपारीचं पाणी! आणि मागून फळ येतंय. आण गं, आणखी घोटभर."

रांगेतल्या छत्तीस जणांची बोटं हलली. चषकांचा बारीक किणकिणाट झाला आणि थांबला.

युवराजासाठी तिने भाकरीच्या तुकड्याला ठेचा लावून आणला होता. त्याने तो खाल्ला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वर गुलाबी आसवाचा गार घोट घेतला. बुडबुडे त्याच्या नाकात गेले. तो दचकला आणि मग चक्क हसला. शंभर वर्षांत त्या दालनात कुणी हसलं नव्हतं. "आणखी," तो म्हणाला. "आणखी घोटभर दे ना!"

रांगेतल्या छत्तीस जणांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तोंडं अजून वाकडीच होती.

"आता तू," म्हाळूबाबा म्हणाले.

गोजरा उभी राहिली. स्वतःला तोच प्रश्न विचारला, बाई गं, तुला काय आवडतं? आणि आतून उत्तरच येईना. गोड? माहीत नाही. तुरट? माहीत नाही. बारा वर्षांत तिने काहीच आवडून खाल्लं नव्हतं. समोर सहा दालनं भरून आसव होतं आणि तिला त्यातलं काहीही नको होतं. तिच्या तळव्यांखाली ओल जमू लागली. पाय जड झाले. वर उन्हाची तिरीप झरोक्यात सरळ होत चालली होती.

तेव्हा पहिल्या दालनातला पहिला रांजण बोलला. हैबतीच्या आवाजात बोलला.

"गोजरे."

बारा वर्षं त्या आवाजासाठी तिचे कान तहानले होते.

"गोजरे, किती दमलीस गं! कशाला शोधत बसतेस? मला घे. एकच घोट. इथं माझ्या शेजारीच जागा आहे तुझी. पुन्हा रोज घरी जायला नको. एकटीने जेवायला नको. ये."

आणि खरं सांगू, तिला जावंसं वाटलं. तिच्या हाताने पळी उचलली. पाय पहिल्या दालनाकडे वळले. युवराज ओरडला, "बाई, नको!" तरी ती थांबली नाही. जाता जाता एकदा, शेवटचं म्हणून, तिने हैबतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

हैबतीचे डोळे भरलेले होते, पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. रांजणाकडेही पाहत नव्हते. जिवाच्या आकांताने ते खाली, आपल्याच डाव्या मुठीकडे पाहत होते.

बोटं तर मघाशी हलली होती. गोजराने पळी टाकली, मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवलं. करंगळी, अनामिका, मधलं. मूठ उघडली. आत जाडं मीठ होतं. चिमूटभर. बारा वर्षांत त्याचा एक खडाही विरघळला नव्हता.

आणि तिला तो दिवस आठवला. डोंगरउतारावरच्या वेलींखाली दोघं बसली होती. तिने हिरव्या, आंबट द्राक्षांचा घोस तोडला होता, आणि "थांब, मीठ आणतो," म्हणून तो खोपीकडे गेला होता. मीठ मुठीत घेऊन परत येताना सूर्य माथ्याकडे सरकू लागला आणि त्याचे पाय भलतीकडे चालू लागले. ती घोस हातात धरून वाट पाहत राहिली होती. त्यानंतर तिने द्राक्ष तोंडात घातलं नव्हतं.

गोजराने त्यातला एक खडा जिभेवर ठेवला.

खारट लागला! काय खारट लागला! तिच्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांना पाणी सुटलं, आणि जीभ आपली आपणच सांगू लागली, आंबट हवं, आंबट, हिरवं, गार. ती पळतच निघाली, मागोमाग म्हाळूबाबा आणि युवराज. पाचव्या दालनाच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला एक लहान रांजण होता, त्याच उतारावरच्या वेलींचा, गेल्या हंगामातला, लवकर खुडलेल्या द्राक्षांचा. आचार्यांनी त्यावर खडूने लिहिलं होतं, 'सामान्य'. तिने मेण फोडलं.

"गोजरे, चुकतेस," मागून रांजण म्हणाला. आता तो आवाज हैबतीचा राहिला नव्हता. कुणाचाच नव्हता.

तिने घोट घेतला. पांढरं, पाण्याहून जरा दाट, थंडगार आसव. आंबटपणाने तिचा एक डोळा मिटला आणि म्हाळूबाबांना वाटलं, झालं हिचंही तोंड वाकडं! पण तो डोळा पुन्हा उघडला. जिभेवर मीठ होतं, त्यावर हे आलं होतं, आणि त्या दोघांत मिळून बारा वर्षांपूर्वीचा तो सगळा दिवस होता. शाप, रांग, राजा, सगळं क्षणभर ती विसरूनच गेली. चषक पुढे करून, समोर कुणी नसताना, ती म्हणाली, "आणखी घोटभर."

पहिल्या दालनातला पहिला रांजण वरपासून खालपर्यंत तडकला. त्यातून काळं काहीतरी ओघळलं, जमिनीवर वळवळलं आणि फटीत शिरून नाहीसं झालं. तिन्ही जोड्या पावलं वाळून पांढरी पडली. आणि सातव्या दालनात छत्तीस घशांतून छत्तीस घोट एकदम खाली उतरले. केवढा तो आवाज! मागोमाग छत्तीस माणसं एकसाथ थुंकली.

सगळ्यांत आधी रांगेतली पहिली बारा माणसं हलली. अरण्यातले ते पाहुणे, एकशेआठ वर्षांपूर्वीच्या लग्नाचे कपडे अंगावर, डोळे चोळत बाहेर उन्हात आले. त्यांनी नवरी कुठं आहे असं विचारलं. राजा कीर्तिमलाने मुकुट काढला, त्यांच्यापुढे जमिनीवर बसला आणि झालं गेलं सगळं सांगितलं. आपल्या पूर्वजाच्या हसण्याची क्षमा मागितली. तेव्हा दारावरची म्हातारी साळुंकी उडाली, त्यांतल्या एका बाईच्या खांद्यावर जाऊन बसली, आणि ती बाई रडू लागली. मग राजाने त्यांना विचारलं, पहिल्यांदाच विचारलं, की आपल्याला काय आवडेल. ते म्हणाले, पाणी. राजाने आपल्या हाताने पाणी दिलं.

त्या राज्यात तेव्हापासून रीत पडली. नवख्या माणसापुढे चषक भरण्याआधी रांजणाचं वय सांगायचं नाही. आधी त्याला जेवू घालायचं आणि विचारायचं, तू घरी काय खातोस, तुला काय आवडतं? आणि त्याला काहीच नको असेल तर चषक उपडा ठेवायचा. चषकाचार्यांनाही ही रीत पाळावी लागली. कुरकुरत का होईना, पाळली त्यांनी.

आणि हैबती? त्याने तोंड पुसलं. "थू! काय कडू आहे गं हे!" तो म्हणाला. मग त्याने आपल्या मोकळ्या मुठीकडे पाहिलं, तिच्या ओठाला लागलेल्या मिठाकडे पाहिलं, आणि वर पाहता पाहता थबकला. तो गेला होता तसाच होता, सव्वीस वर्षांचा. ती छत्तीस वर्षांची होती. त्याने हात वर करून तिच्या कानामागची बट हळूच बोटांत धरली.

"गोजरे, तुझे केस कधी पांढरे झाले?"

गोजरा हसली आणि रडलीही. "तुम्ही तो घोट गिळत होतात ना," ती म्हणाली, "तेवढ्यात."